बोंडूवरची माशी वेगळी, हापूसची वेगळी: कोकणातल्या बारीक माश्या शोधायच्या नि ओळखायच्या कशा

तुमचा प्रश्न नीट वाचला. गुहागरकडच्या वाडीत काजूखाली बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, ढीग पडलाय, त्यावर लाल डोळ्यांच्या बारीक माश्या घोंघावतायत, मोबाईलनं फोटो काढून दोनतीन जणांना दाखवला तर सगळ्यांनी एकच शब्द सांगितला, फळमाशी, आणि तो शब्द कानावर पडल्यावर शेजारचे काका म्हणाले आत्ताच्या आत्ता औषध मारा नाहीतर हापूस हातचा जाईल. शिवाय तुम्हाला हेही विचारायचंय की अशा बारीक माश्या रानात, पऱ्ह्यावर म्हणजे ओढ्यावर, खाडीवर शोधायच्या कशा आणि ओळखायच्या कशा. मी गेली वीसेक वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात याच माश्यांच्या मागे फिरतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी औषधाचं. मारू नका. बोंडूवरची ती माशी म्हणजे जवळजवळ नक्की ड्रॉसोफिला किंवा तिच्याच कुळातली कोणीतरी, आणि हापूसला लागते ती बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, ही दोन पूर्ण वेगळी कुळं आहेत. आपल्याकडे दोघींनाही फळमाशी म्हणतात, सगळा घोळ इथेच होतो. हापूसची माशी चांगली सात-आठ मिलिमीटरची, म्हणजे घरमाशीएवढी, अंग गांधीलमाशीसारखं काळं-पिवळं, छातीच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पट्ट्या, पोटावर इंग्रजी टी सारखी काळी खूण, आणि मादीच्या शेपटीला टोकदार सुई, त्या सुईनं ती पाडाला आलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. ड्रॉसोफिला दोन-तीन मिलिमीटरची, फिकट तपकिरी, डोळे लालभडक, उडते तीही अगदी सावकाश, हवेत तरंगल्यासारखी. बहुतेक ड्रॉसोफिलांना धडधाकट फळाची साल फोडता येत नाही. त्या येतात फुटलेल्या, आंबलेल्या फळावर, आणि खरं सांगायचं तर फळासाठी नाहीच, फळावर वाढलेल्या यीस्टसाठी येतात, अळ्याही त्या यीस्टवरच पोसतात. म्हणून त्या माडीच्या मडक्यावर असतात, फणसाच्या चारखंडावर असतात, रातांबे फोडून सालं मिठात घालायला बसलात की तिथेही हजर असतात. ढीग पुरला की माश्या गेल्या, औषधाचा संबंधच नाही.

हापूसच्या माशीचं मात्र हलक्यात घेऊ नका. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियननं भारतीय आंबा बंद केला होता तो फळमाश्यांमुळेच, २०१५ ला बंदी उठली, तेवढ्यात इथल्या बागायतदारांचा एक हंगाम गेला. तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा तुम्ही पाहिला असेल. त्या वासाला फक्त नर येतात, हे लक्षात ठेवा, कारण सापळ्यात मादी दिसली नाही म्हणून बागेत मादी नाही असं समजणारे लोक मी बघितलेत. आणि बोंडूवरच्या ड्रॉसोफिला या सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

खात्री हवी असेल तर एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या बरणीत तळाला दोन बोटं कोरडी वाळू घाला, त्यावर कागद ठेवून बोंडू ठेवा, तोंडाला पातळ फडकं बांधा, बरणीवर तारीख लिहा आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या बरणीत तसाच एखादा डागी आंबा. ड्रॉसोफिलाच्या अळ्या बारीक, तीन-चार मिलिमीटरच्या, आणि कोष करायची वेळ आली की त्या बरणीच्या भिंतीवर चढतात, तिथेच चिकटतात, कोषाला पुढे दोन बारीक शिंगं दिसतात, ती शिंगं म्हणजे श्वासाची भोकं. आंब्यातल्या अळ्या मोठ्या, सेंटीमीटरभर होतात, त्या अंगाची कमान करून टणकन उडी मारतात, आणि कोषासाठी खाली वाळूत शिरतात, तिथे गव्हाच्या दाण्यासारखे तपकिरी कोष मिळतात. म्हणजे माशी बाहेर यायच्या आधीच उत्तर मिळालं. २५ अंशाच्या आसपास ड्रॉसोफिला अंड्यापासून माशीपर्यंत दहाएक दिवसांत तयार होते, कोकणातल्या मे महिन्यात साधारण तसंच समजा.

आता मोठा प्रश्न, शोधायच्या कशा आणि ओळखायच्या कशा. लोक हे दोन प्रश्न समजतात, माझ्या मते तो एकच आहे. बारीक माशीची अर्धी ओळख ती कुठे बसली होती आणि काय करत होती यातच असते, आणि ती अर्धी ओळख फोटोत येत नाही, बाटलीत तर मुळीच येत नाही. मला हे उशिरा कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मी पावसाळ्यात हर्णैच्या बाजूला जाळी फिरवून एका बाटलीत चाळीसेक माश्या गोळा केल्या आणि चिठ्ठीवर फक्त गाव आणि महिना लिहिला. त्यात एक नक्षीदार पंखांची होती, अजून ती मला परत मिळालेली नाही, आणि मिळणार कशी, गवतावर होती की चिखलावर, उन्हात की सावलीत, काहीच लिहिलेलं नाही. तीन पावसाळे त्याच रस्त्यानं फिरलो. तेव्हापासून माझी सवय अशी, पाच मिनिटं नुसतं बघायचं, काय करते ते वहीत लिहायचं, मग फोटो, आणि पकडायचंच असेल तर सगळ्यात शेवटी.

बघायला लागण्याआधी एवढं एक. आपल्या भाषेत माशी हा शब्द फार सैल आहे. मधमाशी माशी नाही, गांधीलमाशीही नाही, पिकावरची पांढरी माशी तर ढेकणांच्या नात्यातली. खऱ्या माशीला पंख दोनच असतात, मागच्या पंखांच्या जागी दोन बारीक दांड्या आणि टोकाला गोळा, त्यांना संतोलक म्हणतात, उडताना तोल सांभाळतात ते. चार पंख दिसले तर माशी नाही, बहुतेक वेळा ती बारीक परजीवी गांधीलमाशी निघते, नवीन माणूस तिथे हमखास फसतो. आणि चिलट हा शब्दही असाच, एका चिलटात निदान आठ-दहा कुळं भरलेली असतात.

खरी माशी आहे एवढं ठरलं की पुढची पहिली वाट मिशांवरून. डासासारख्या लांब, खूप मणी ओवल्यासारख्या मिशा असतील तर एक गट, आणि आखूड तीन तुकड्यांची मिशी, त्यावर एक केस, तर दुसरा गट. एवढं दहापट भिंगातून सहज दिसतं. ड्रॉसोफिलाच्या मिशीवरचा केस पिसासारखा फाटलेला असतो आणि टोकाला दुबेळकं असतं, पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेत दोन ठिकाणी तुटक जागा असते, या दोन खुणा पटल्या की कूळ जवळजवळ पक्कं.

शोधायला बोंडूच्या ढिगापासूनच सुरुवात करा, इतकी चांगली जागा दुसरी नाही. पण दुपारी बारा वाजता जाऊ नका. ड्रॉसोफिला पहाटे आणि तिन्हीसांजेला हलतात, भर उन्हात पाचोळ्याखाली, झाडाच्या बुंध्याच्या ओल्या बाजूला दडून बसतात. सूर्य उगवताना ढिगाजवळ बसा, टॉर्च आडवा धरा. एकाच ढिगावर तीनचार जाती मिळतील. डोक्यावरून छातीवर चांदीसारखे पांढरे पट्टे ओढलेली दिसली तर ती झॅप्रिओनस इंडिएनस, नाव इंडिएनस कारण १९७० मध्ये गुप्ता यांनी तिचं वर्णन भारतातून केलं, मूळ मात्र आफ्रिकेतलं, पुढे १९९९ च्या सुमारास ब्राझीलमध्ये पोचली आणि तिथल्या अंजिरांना त्रास झाला. हीच एक अशी आहे की फोटोवरूनही बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येते, कारण ते पट्टे. बाकीच्या पिवळट-तपकिरी असतात त्यात ॲनॅनॅसी असेल, नसूटाच्या गटातली असेल, मेलॅनोगॅस्टर असेल, पण फोटोवरून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एक उदाहरण देतो. आनुवंशिकीचा अभ्यास करणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेत १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची प्रसिद्ध माशी सापडली, म्हणजे ही माणसं दिवसरात्र मेलॅनोगॅस्टर हाताळत होती, आणि तरी सिम्युलन्स ही जुळ्या बहिणीसारखी दिसणारी जात वेगळी आहे हे त्यांच्यातल्या स्टर्टेव्हंटनं १९१९ मध्ये मांडलं. दोघींच्या माद्या आजही नुसत्या बघून सांगणं जवळजवळ अशक्य, नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. तिथे आपला मोबाईल काय करणार. कुळापर्यंत जा, जमलं तर वंशापर्यंत, आणि तिथे थांबायला लाज वाटू देऊ नका, चुकीच्या जातीपेक्षा बरोबर कूळ हजारपट कामाचं.

त्याच ढिगावर एक बारीक, पाठीला कुबड असलेली माशी दिसेल, हात लावायला जाल तर उडायच्या आधी पळते, थांबते, परत पळते, झटके देत. ही फोरिड. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा एकत्र आणि बाकी पंखात तीनचार बारीक रेघा, त्यांना आडवी जोडणी नाहीच. पण पंखांपर्यंत जायची गरज नसते, ती पळण्याची तऱ्हा एकदा बघितली की जन्मात विसरत नाही. सुकी मासळी घालतात त्या खळ्यावर पण हिला बघा.

शेणावर बघता का कधी? ताज्या शेणावर मुंगीसारखी काळी, कमरेला बारीक, चालताना पंख सतत हलवणारी माशी म्हणजे सेप्सिड, कितीदा पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका असतो, त्यामुळे ती ठिपके हलवत चाललीय असं वाटतं. न्हाणीघरात भिंतीवर बसलेली केसाळ, पतंगासारखी, पंख पानाच्या आकाराचे, ती सायकोडिड, मोरीतल्या शेवाळात वाढते. तिन्हीसांजेला विहिरीवर किंवा ओटीच्या दिव्याजवळ धुराच्या लोटासारखे खालीवर होणारे थवे ते बहुतेक कायरोनोमिड, डासासारख्या पण चावत नाहीत, बसल्यावर पुढचे पाय वर उचलून धरतात, नरांच्या मिशा पिसासारख्या. चावतात ते मुरकूट, एक ते तीन मिलिमीटरचे, बसले की पंख पाठीवर एकावर एक सपाट ठेवतात आणि पंखांवर ठिपक्यांची नक्षी असते, खाडीच्या चिखलाकडे नि खाजणाकडे संध्याकाळी हातपाय झाकून जा. यांच्यातलाच एक क्युलिकॉइडिस ॲनोफेलिस तर रक्त पिऊन टम्म झालेल्या डासाच्या पोटावर बसून त्याच्यातलं रक्त ओढतो.

डोळ्यापाशी घुटमळणारी चिलटं तुम्हाला माहीतच आहेत, सायफनक्युलिना फ्युनिकोला, क्लोरोपिड कुळातली. ही शोधायला रान नको, मांगराच्या वळचणीला लोंबणारी दोरी बघा, कोळ्याच्या जाळ्याचा सुटा धागा बघा, लोंबती वायर बघा, त्यावर मणी ओवावेत तशी ओळीनं बसलेली असतात, शेकड्यांनी. डोळे आलेल्या मुलाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या डोळ्यावर बसतात, म्हणून डोळ्यांची साथ असताना घरातल्या असल्या दोऱ्या आणि जळमटं काढून टाकलीत तर खरंच फायदा होतो.

आता पऱ्ह्यावर चला. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला, सावलीतल्या रुंद पानांवर, पानाचा वरचा भाग बघायचा, खालचा नाही. तिथे धातूसारख्या हिरव्या चमकणाऱ्या, उंच काटकुळ्या पायांच्या माश्या मिळतात, डोलिकोपोडिड, त्या पानावर टेहळणी करत उभ्या असतात आणि आपल्याहून मऊ, बारीक किडे पकडून खातात. सावकाश जा, सावली अंगावर पडू देऊ नका, फोटो मागून नाही बाजूनं घ्या. अगदी ओलसर, अंधाऱ्या जागी, दगडावर किंवा काठच्या पानावर नशीब असेल तर डायोप्सिड दिसेल, डोळे डोक्याला नाहीतच, दोन्ही बाजूंना काढलेल्या काड्यांच्या टोकांवर आहेत. नर मादी दोघांनाही या काड्या असतात, दोन नर समोरासमोर उभे राहून कोणाची काडी लांब ते मोजल्यासारखं करतात, ते दिसलं तर हातातलं सगळं सोडून बघत बसा.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र खाडी. ओहोटीची वेळ बघून जा, पाणी उतरून चिखल उघडा पडला आणि वर पाण्याचा पातळ थर राहिला की इफिड्रिड माश्या त्यावर येतात, करड्या, चिखलाच्याच रंगाच्या, त्यामुळे पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही आणि मग एकदम सगळा चिखल हलायला लागतो. त्यांच्यात ऑक्थेरा नावाची एक आहे, तिचे पुढचे पाय खंडोबाच्या किड्यासारखे, म्हणजे तो प्रार्थनाकीटक म्हणतात ना त्याच्यासारखे, मांड्या फुगलेल्या, आतून काटे, त्या पायांनी ती चिखलातून डासांच्या आणि कायरोनोमिडांच्या अळ्या उपसून काढते. जेमतेम चारपाच मिलिमीटरची माशी आणि शिकार वाघासारखी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी गुडघाभर चिखलात दीड तास उभा होतो, भरती लागली तेव्हा भानावर आलो. तेवढं तुम्ही करू नका, खाजणात भरतीची वेळ लिहून घेऊन आणि कोणाला तरी सांगूनच जायचं.

कोळ्यांची जाळी. पावसाच्या अखेरीस पायवाटेवर मोठी जाळी लागतात, किंवा फुलावर दबा धरून बसणारा खेकड्यासारखा कोळी असतो, त्यानं मधमाशी धरली की दोन मिनिटांत कुठून तरी इवल्याशा काळ्या माश्या येतात आणि त्या मधमाशीवर बसून रस पितात. कोळी खातोय आणि या बाजूला पंगतीला बसल्यात. मिलिचिड कूळ, त्यातली डेस्मोमेटोपा, आणि जवळजवळ सगळ्या माद्याच.

याच कुळाचा दुवा कंदीलपुष्पाशी लागतो. कातळसड्याच्या कडेला, डोंगरउतारावर पावसाळ्यात सेरोपेजिया फुलतात, आपल्या पश्चिम घाटात त्यांच्या कितीतरी जाती आहेत आणि काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. फूल म्हणजे खाली फुगीर, मध्ये नळी, वर जाळीदार छत, खरंच कंदील. वासानं बारीक माशी आत शिरते, नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे आत जाता येतं पण बाहेर येता येत नाही. तळाशी फिरताना परागांची जोडी माशीच्या सोंडेला चिकटते, आणि फूल वय झालं, केस मऊ पडले की माशी सुटते आणि पुढच्या फुलात जाऊन परत अडकते, परागीभवन झालं. आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवर अभ्यास झालाय, ते फूल जखमी मधमाशीसारखा वास सोडतं, आणि कोळ्याच्या पंगतीला जाणारी तीच डेस्मोमेटोपा फसून आत येते. आपल्याकडच्या फुलांत कोण कोण अडकतं हे बघायचं खूप काम बाकी आहे आणि ते तुमच्यासारखा गावात राहणारा माणूसच करू शकतो. पण फूल तोडू नका, कापू नका. सकाळी उन्हाकडे धरल्यासारखं मागून बघा, फुगीर भागाची भिंत पातळ असते, आत माशी असली तर सावली हलताना दिसते.

पावसाच्या पहिल्या महिन्यात शेवळं काढायला रानात जाता तेव्हा उमललेल्या शेवळ्याजवळ थोडं थांबा, तो कुजका वास त्यानं किडे बोलवायलाच सोडलेला असतो. पुढे अळंब्या उगवल्या की त्यांच्या खालच्या बाजूला, आणि ओंडक्यावरच्या टणक बुरशीच्या कडेला बघा, मायकोड्रॉसोफिला नावाच्या काळ्या, चकचकीत, गोटीसारख्या ड्रॉसोफिलिड तिथे बसतात, आणि ल्युकोफेन्गा, ती चांदीचा मुलामा दिल्यासारखी. भिंग लावून बुरशीचा ओंडका बघण्यात एक दुपार कशी जाते कळत नाही.

शेतातली दोन नावं तुम्हाला आधीपासून माहीत असतील. भातावरची गादमाशी, जिच्यामुळे चंदेरी पोंगा येतो, आणि मोहोरावरची मिजमाशी, या दोन्ही सेसिडोमायिड, फार नाजूक, मण्यांच्या मिशा, पंखात मोजून तीनचार शिरा. माशी क्वचित दिसते, तिनं केलेली गाठ आणि वाकडा झालेला मोहोर दिसतो, तोच बघायला शिका. तसंच वालाच्या किंवा टोमॅटोच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी, तीही माशीचीच अळी, रेघ जिथे रुंद होते त्या टोकाला बघा.

साधनं फार लागत नाहीत. दहापट भिंग, मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स, चारपाच पारदर्शक डब्या, वही, पेन्सिल. माशी ओढून घ्यायला पूटर घरी बनवता येतो, पारदर्शक बाटली, झाकणाला दोन भोकं, दोन नळ्या, तोंडात धरायच्या नळीच्या आतल्या टोकाला जाळी बांधायची, ती विसरलात तर माशी घशात. शेणावर आणि मासळीवर पूटर तोंडानं ओढू नका, तिथे डबी वरून पालथी घाला. फळांच्या माश्यांसाठी बाटलीत पिकून काळं पडलेलं केळं आणि चिमूटभर यीस्ट, तोंडाला कागदाचं नरसाळं, सावलीत कमरेच्या उंचीवर टांगायची, आणि टांगायच्या दोरीला तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळायची, नाहीतर रात्रीत ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, सगळं साफ करतात. तंबूसारखा मॅलेज सापळाही असतो, रेने मॅलेज या स्वीडिश माणसाला तंबूच्या कोपऱ्यात किडे जमतात हे दिसलं त्यावरून सुचला, पण तो शेकड्यांनी मारतो, ज्याला सगळं तपासायचंय त्यानंच लावावा.

फोटोसाठी एक युक्ती. डबीतली माशी पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, मग पांढऱ्या बशीवर काढा, ती मिनिटभर तरी सुस्त राहते. तेवढ्यात तीन फोटो: बाजूनं, वरून पंखांच्या शिरा दिसतील असा, आणि समोरून तोंड नि मिशा. बशीवर पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. नंतर जिथून आणली तिथे सोडून द्या. ठेवायचीच असेल तर एकदोन, ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आणि डीएनए बघायचा विचार असेल तर ९५ टक्क्यांच्या वर. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत, शाई विरघळते. टाचणीवर माश्या ठेवायचा नाद कोकणात सांभाळून करा, माझा दोन वर्षांचा डबा एका जुलैत बुरशीनं गेला, उघडला तेव्हा टाचण्यांवर नुसता कापूस होता.

अभयारण्यात, म्हणजे फणसाड, कर्नाळा अशा ठिकाणी, परवानगीशिवाय एकही माशी उचलायची नाही, फोटोवर भागवा. आणि परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पोस्टानं पाठवू का असं कोणी विचारलं तर नाही म्हणा, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली त्याला रीतसर परवानगी लागते. फोटो खुशाल पाठवा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, नीट चिठ्ठ्या लावलेला संग्रह तयार झाला की तिथे विचारता येईल. शिकलेलेच लोक हे करतात असं वाटत असेल तर, १९१२ मध्ये भारतातल्या डासासारख्या माश्यांवर ज्यानं जाड ग्रंथ लिहिला तो ब्रुनेटी पेशानं संगीतकार होता.

तुम्ही पाठवलेल्या फोटोबद्दल राहिलंच. पहिल्या दोनात डोळे लाल, अंग फिकट, ड्रॉसोफिलाच. तिसऱ्यात उजवीकडे खाली जी काळी आहे तिची पाठ कुबडी वाटते, ती पळत होती का तरंगत होती ते आठवून सांगा, पळत असेल तर फोरिड. आज संध्याकाळी दोन बरण्या लावा, एक बोंडूची, एक डागी आंब्याची, आणि रोज काय दिसलं ते तारखेसह लिहा. साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी बोंडूच्या बरणीच्या भिंतीवर शिंगवाले कोष दिसायला लागतील, तेव्हा शेजारच्या काकांना बोलवा आणि भिंग त्यांच्या हातात द्या.